मागेल त्याला काम

आपल्यापैकीं जे पगारदार आहेत त्यांनीं आपल्या वेतनाचा कागद एकदां नीट न्याहाळून पाहावा. प्राप्तिकर, भविष्यनिर्वाह निधि अशा भारदस्त वजाबाक्यांच्या खालीं एक लहानशी रक्कम बहुधा आढळेल : दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारींत तेवढे ३००. वर्षाचे अडीच हजार. हा व्यवसाय-कर. रक्कम इतकी किरकोळ कीं तिच्याविषयीं तक्रार करावी असें कोणास वाटत नाहीं, आणि त्यामुळेंच ती कां कापली जाते हें विचारावें असेंहि कोणास वाटत नाहीं. महाराष्ट्रांत हा कर १९७५ सालीं बसला तो एका ठरावीक हेतूनें. खेड्यांतील ज्या माणसाला अंगमेहनतीचें काम हवें आहे त्याला सरकारनें तें द्यावें, आणि त्या मजुरीचा कांहीं भार शहरांतल्या मिळवत्या माणसानें उचलावा, असा तो हेतु होता. जितका कर जमेल तितकीच भर सरकारनें आपल्या तिजोरींतून घालावयाची, असेंहि ठरलें होतें. म्हणजे आपलें आणि कोठल्याशा बांधावर माती उपसणाऱ्या अनोळखी बाईचें एक खातें गेलीं पन्नास वर्षें चालू आहे. त्या खात्याविषयीं आज दोन शब्द बोलावे असा विचार आहे.

दुष्काळांत सरकारनें कामें काढावयाचीं आणि लोकांनीं तेथें राबून पोट भरावयाचें, ही रीत आपल्याकडे नवी नव्हे. १८७६ ते १८७८ च्या थोरल्या दुष्काळांत मुंबई इलाख्यांत अशीं कामें निघालीं होतीं. परंतु तीं काढणाऱ्यांच्या मनांत धास्ती एकच असे. गरज नसलेला कोणी येऊन सरकारी पैसा खाऊन तर जाणार नाहीं ना? सर रिचर्ड टेंपल यांच्या आग्रहानें मजुरी उतरली ती इतकी कीं, पुरुषाच्या वांट्याला दिवसाकांठीं एक पौंड धान्य आणि वर किरकोळ नाणें येऊं लागलें. तेव्हां हजारों मजुरांनीं कामें सोडलीं आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारापुढें मांडली. पुढें १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ-संहिता तयार झाल्या. त्या पुष्कळच विचारपूर्वक लिहिलेल्या आहेत हें कबूल केलें पाहिजे. तथापि काम केव्हां काढावयाचें हें ठरविण्याचा अधिकार सरकारी अंमलदाराच्याच हातीं राहिला. दुष्काळ आधीं जाहीर व्हावा लागे. आपण उपाशी आहों हें माणसाला स्वतःला कळून भागत नसे.

१९७२-७३ च्या दुष्काळांत मी एका पाझर तलावाच्या कामावर हजेरी लिहिणारा तात्पुरता कारकून होतों. वय वीस वर्षांचें, हातांत पेन्सिल, आणि समोर पांचसहाशें माणसें. त्या वर्षीं मे महिन्यांत महाराष्ट्रभर सुमारें ५० लक्ष माणसें अशा कामांवर होतीं. ज्यांनीं तें दृश्य पाहिलें त्यांना लाल मिलोची भाकरी आणि दुपारीं वांटली जाणारी सुकडी आठवेल. मला आठवतो तो मातीचा खांब. खणतांना मध्यें मूळ जमिनीचा एक खांब तसाच राखीत. त्याच्या उंचीवरून खड्डा किती खोल गेला हें मोजीत, आणि त्या मापावर टोळीची मजुरी ठरे. टोळींत माणसें दहा-पंधरा. मजुरी एकत्र यावयाची आणि सर्वांत वांटली जावयाची.

या वांटणींतच एक गोष्ट दडलेली होती. एके सकाळीं साठीच्या पुढची एक विधवा बाई माझ्या टेबलापाशीं आली आणि म्हणाली, "दादा, माझं नांव कुठल्या बी टोळींत लिव्हा. कुणी घेईना मला." मी दोन टोळ्यांच्या पुढाऱ्यांना विचारलें. त्यांनीं माना खालीं घातल्या. तीं माणसें दुष्ट नव्हतीं. त्यांच्याहि घरीं चुली विझलेल्या होत्या. म्हातारीच्या हातून दिवसाला जेवढी माती निघणार तेवढ्यानें बाकीच्यांचा वांटा कमी होणार, हा साधा हिशेब होता. सरकारनें कोणालाहि नाकारलें नव्हतें. नाकारलें होतें तें मापाच्या पद्धतीनें, आणि तें तिच्याच शेजाऱ्यांच्या तोंडून वदविलें जात होतें. अखेर ती खडी फोडावयास बसली. कारण तेथें प्रत्येकाचा ढीग निराळा असे आणि ज्याची खडी त्याची मजुरी. हातोडीच्या घावांनीं तिचीं बोटें सोलून निघत, परंतु शनिवारीं तिच्या हातावर पडणारे पैसे तिचे असत. धोरण चांगलें कीं वाईट हें आपण पुष्कळदां त्याच्या प्रस्तावनेवरून ठरवितों. दुबळ्या माणसाच्या दृष्टीनें तें मजुरी टोळीनें मोजावयाची कीं ढिगानें, अशा एखाद्या पोटनियमावरच ठरलेलें असतें.

आतां मूळ योजनेकडे वळूं. विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे यांच्या मनांत ही कल्पना दुष्काळाच्या कांहीं वर्षें आधींपासून घोळत होती. सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत विसापूर येथें १९६५ च्या सुमारास तिचा लहान प्रमाणावर प्रयोगहि झाला होता. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या कारकीर्दींत, १९७२ सालीं, तिला राज्याच्या योजनेचें रूप मिळालें. पण लगेच दुष्काळानें सारी यंत्रणा आपल्याकडे ओढून घेतली. पुढें १९७७ सालीं विधिमंडळानें रोजगार हमीचा कायदा केला, आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला.

त्या कायद्याचें मर्म एवढेंच कीं, दुष्काळ जाहीर करण्याची सत्ता त्यानें अंमलदाराकडून काढून मजुराच्या हातीं दिली. अठरा वर्षांवरील कोणाहि ग्रामीण स्त्रीपुरुषानें अंगमेहनतीचें काम मागावें. पंधरा दिवसांच्या आंत काम मिळालें पाहिजे. न मिळाल्यास बेकारीचा भत्ता दिला पाहिजे. अर्जदार गरीब आहे कीं नाहीं याचा दाखला कोणी मागावयाचा नाहीं. आणि खरोखर तो मागण्याचें कारणहि नाहीं. वैशाखाच्या उन्हांत किमान मजुरीसाठीं जो टिकाव घेऊन उभा राहतो, त्याची गरज सिद्ध झालेलीच असते. दारिद्र्याच्या याद्या करूं जातां गांवांतील वजनदार माणसांचे सोयरे त्यांत आधीं शिरतात, ही गोष्ट आपण सर्वजण जाणतों. येथें यादीच नव्हती. पुरुषाला आणि स्त्रीला मजुरीचा दर एकच होता. कामावर पिण्याचें पाणी, सांवली आणि तान्ह्या मुलांना सांभाळण्याची सोय असावी असेंहि नियमांत होतें. शेतावर गड्यापेक्षां बाईला कमी मजुरी देण्याची चाल त्या काळीं सर्रास होती. त्यामुळें या कामांवर स्त्रियांची गर्दी लोटली यांत नवल नाहीं. १९७९-८० सालीं या योजनेवर सुमारें २० कोटी मनुष्यदिवसांचें काम झालें.

मग बिघडलें कोठें? माझ्या मतें बिघाड त्या पंधरा दिवसांच्या अटींतच आहे. किंवा अधिक नेमकें बोलावयाचें तर, ते पंधरा दिवस कोणत्या तारखेपासून मोजावयाचे या प्रश्नांत आहे. अर्ज दिल्याची तारीख घातलेली पोच हातीं असेल तरच सोळावा दिवस उगवतो. पोच नसेल तर मजूर महिनाभर वाट पाहूं शकतो आणि कायद्याच्या दृष्टीनें त्यानें कधीं काम मागितलेलेंच नसतें. "काम निघेल तेव्हां सांगूं, आतां जा," हें वाक्य मीं माझ्या नोकरींत किती वेळां ऐकलें याची गणती नाहीं; आणि लाज सोडून सांगावयाचें तर, प्रारंभीं मीं स्वतःहि तें उच्चारलें आहे. त्यांत दुष्टावा नसे. वर मंजुरी आलेली नसे, ओव्हरसियर आलेला नसे, आणि तारीख घालून पोच दिली कीं भत्त्याचें लचांड आपल्या गळ्यांत पडेल ही भीति असे. आरंभीं हा भत्ता होता तरी किती? दिवसाला किमान एक रुपया. परंतु तो द्यावा लागणें म्हणजे आपल्या हातून कसूर झाली असें लेखी कबूल करणें. म्हणून सगळी कुशलता तो रुपया वांचविण्यांत नव्हे, तर पोच वांचविण्यांत खर्च होई.

यासंबंधीं १९८८ सालची हकीकत मोठी बोधक आहे. त्या वर्षीं किमान वेतनाचे दर जवळजवळ दुप्पट झाले आणि त्याबरोबर या योजनेची मजुरीहि वाढली. न्याय्य अशीच ती वाढ होती. दर वाढल्यावर मागणारे वाढावयास हवे; प्रत्यक्षांत योजनेवरील काम मात्र घटलें. मार्टिन रॅव्हॅलियन आणि त्यांचे दोन सहकारी यांनीं या प्रश्नाचा अभ्यास करून १९९३ सालीं तो प्रसिद्ध केला. हमीला आंतून गळती लागली आणि काम मोजून-मापून वांटलें जाऊं लागलें, असा त्याचा निष्कर्ष आहे. कायद्याचें एक अक्षरहि बदललें नव्हतें. कामें थोडीं उघडावयाचीं, उघडावयाचीं तीं दूरवर, आणि अर्ज घ्यावयाचे ते तोंडी, एवढें केलें कीं हमी जागच्या जागीं आटते. चार-पांच कोस चालून जाणें तरण्या माणसाला जमतें. पोटुशी बाई, अपंग, म्हातारा यांना नाहीं. म्हणजे काटकसर कोणाच्या जिवावर होते हें कोणी ठरवीत नाहीं, तें आपोआप ठरतें. दुसरीकडे, शहरांतून व्यवसाय-कर मात्र नेमानें जमत होता, आणि कित्येक वर्षीं या कामीं जमा अधिक व खर्च कमी असा प्रकार झाला.

येथें एक शंका कोणी घेईल. माझ्या एका स्नेह्यांनीं ती घेतलीहि आहे. ते म्हणतात, पंधरा दिवस म्हणजे काय मोठासा काळ? माणसानें इतका धीर धरूं नये काय? या शंकेचें उत्तर बीड जिल्ह्यांत दसरा-दिवाळीच्या सुमारास मिळतें. साखर कारखान्यांसाठीं ऊसतोडीच्या टोळ्या जमविणारा मुकादम त्या वेळीं गांवोगांव फिरत असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरावयाचा, आणि त्या कोयत्यामागें मुकादमानें उचल द्यावयाची, अशी पद्धत आहे. उचल म्हणजे काम सुरू होण्यापूर्वीं हातीं पडणारी एकरकमी आगाऊ मजुरी. तींतून दवाखान्याचें देणें फिटतें, पोरीचें लग्न उरकतें, म्हाताऱ्यांना चार महिन्यांचें धान्य भरून ठेवतां येतें. तिच्या बदल्यांत तें जोडपें पोरांसकट पश्चिम महाराष्ट्रांत किंवा कर्नाटकांत जाऊन फडाच्या कडेला पालांत राहतें, पहाटे अंधारांत तोडीला लागतें, आणि हंगाम संपल्यावर उचल फिटली नाहीं तर पुढल्या सालच्या हंगामालाहि बांधलें जातें. आतां पाहा : मुकादम पैसे आधीं देतो आणि काम मागाहून घेतो. सरकार काम पंधरा दिवसांनीं देतें आणि पैसे त्याहिपुढें केव्हां तरी. घरांत पीठ नसलेला माणूस यांपैकीं कोणाकडे जाईल? सरकारी मजुरी किती रुपये असावी यावर आपण वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाद घालतों. ती कोणत्या दिवशीं मिळावी यावर फारसा घालीत नाहीं. ज्याच्याजवळ शिल्लक नाहीं त्याला मंगळवारचे दोनशें रुपये आणि पुढल्या महिन्याचे तीनशें यांत निवड करतांना हिशेबाची गरज पडत नाहीं.

सन २००५ मध्यें संसदेनें महाराष्ट्राच्या या कल्पनेवरून सबंध देशासाठीं कायदा केला. २००६ च्या फेब्रुवारींत तो २०० जिल्ह्यांत सुरू झाला आणि १ एप्रिल २००८ पासून सर्व ग्रामीण जिल्ह्यांना लागू झाला; २००९ पासून त्याला महात्मा गांधींचें नांव जोडलें गेलें. एरवीं त्याची थोरवी मला मान्य आहे. मजुरी पंधरा दिवसांत न दिल्यास भरपाई, भत्ता पहिल्या तीस दिवसांना मजुरीच्या एक चतुर्थांश व त्यापुढें निम्मा, तिसरा हिस्सा स्त्रियांना, अशा अटी त्यानें स्पष्ट शब्दांत घातल्या. परंतु एक फरक सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. महाराष्ट्राचा हक्क प्रत्येक माणसाचा होता. या कायद्याचे शंभर दिवस कुटुंबाचे होते. मुलगा, सून आणि विधवा आई यांचें जॉब कार्ड एकच असेल तर ते दिवस बहुधा मुलगा आणि सून यांच्या नांवें लागत. म्हातारीला आपला हक्क निराळा हवा तर चूल निराळी मांडल्याचें दाखवावें लागे. आणि पोटच्या मुलाशीं असलेली चूल कागदावर कां होईना मोडणें, ही गोष्ट कोणत्या आईला सोपी आहे? महाराष्ट्रानें शंभर दिवसांपलीकडचें काम आपल्या खर्चानें देण्याची तजवीज ठेविली होती, तिचा लाभ घेणाऱ्यांनाहि आधीं हा उंबरा ओलांडावा लागेच.

अलीकडच्या वर्षांत हजेरीची वही जाऊन तिच्या जागीं यंत्र आलें. १ जानेवारी २०२३ पासून कामावरील मजुरांचें छायाचित्र दिवसांतून दोनदां मोबाईलवर टिपून पाठविणें सक्तीचें झालें, आणि १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधार क्रमांकाशीं जोडलेल्या खात्यांतच जाऊं लागली. खोट्या हजेऱ्या लिहून मजुरी खाणारे मुकादम मीं या डोळ्यांनीं पाहिले आहेत. तेव्हां या उपायांचें प्रयोजन मी जाणतों. पण बोटांच्या रेषा दगडावर झिजल्या आहेत अशा बाईचा अंगठा यंत्र ओळखीत नाहीं, किंवा एका कागदावर "सखुबाई" आणि दुसऱ्यावर "सकूबाई" असें नांव पडलें आहे, किंवा डोंगराच्या कुशींत मोबाईलला तरंग मिळत नाहीं, अशा वेळीं केलेली मजुरी अधांतरीं लोंबकळते. पूर्वीं तिला निदान माझ्यासारख्या कारकुनाशीं भांडतां येत असे. यंत्राशीं भांडावयाचें कसें, हें तिला कोणी शिकविलेलें नाहीं.

२०२५ च्या डिसेंबरांत संसदेनें या कायद्याच्या जागीं दुसरा कायदा मंजूर केला. त्यांत शंभराऐवजीं १२५ दिवसांची हमी आहे, ही वाढ ऐकावयास चांगली आहे. परंतु पेरणी-कापणीच्या दिवसांत वर्षाकांठीं एकंदर ६० दिवस कामें थांबविण्याची तरतूद त्यांत आहे. शेतकऱ्याला त्या दिवसांत मजूर मिळावा हा तिचा उद्देश, आणि तो अगदींच गैरवाजवी आहे असें मी म्हणणार नाहीं. माझे स्वतःचे भाऊबंद शेती करतात आणि सुगींत मजुरांसाठीं दारोदार फिरतात. मात्र शेतावर ज्यांना कोणी बोलावीत नाहीं, त्या म्हाताऱ्यांनीं आणि अपंगांनीं ते साठ दिवस काय करावें, याचें उत्तर मला त्यांत सांपडलें नाहीं. दुसरा बदल पैशाचा. पूर्वीं अकुशल मजुरीचा खर्च सर्वस्वीं केंद्राचा असे. आतां बहुतेक राज्यांना १०० पैकीं ४० रुपये सोसावयाचे आहेत, आणि केंद्र राज्यागणिक आधींच ठरवील त्या रकमेपलीकडचा खर्च तर सगळाच राज्याचा. ज्या राज्याची तिजोरी रोडकी, तेथील कारकुनावर पोच न देण्याचा दाब किती वाढेल, हें १९८८ चा अनुभव पाहिलेल्यांना सांगावें लागत नाहीं.

निवृत्तीनंतर २०१९ सालीं मी एका नातलगाच्या गांवीं गेलों असतां ग्रामपंचायतीच्या कचेरींत सहज जाऊन बसलों होतों. पंचेचाळिशीची एक बाई आली. नवरा दोन वर्षांपूर्वीं वारलेला, दोन मुलें शाळेंत. तिनें नमुना ४ चा अर्ज पुढें केला. कोणा शिकल्या मुलीकडून भरून आणलेला असावा. अर्ज घेणाऱ्यानें तो फायलींत ठेविला आणि म्हणाला, "ठीक आहे ताई, कळवतो." बाई हालली नाहीं. "पोच द्या, भाऊ," ती म्हणाली, "तारीख घालून." तो हसला, माझ्याकडे पाहिलें, आणि शिक्का शोधूं लागला. शिक्का सांपडला, पण शाई वाळलेली होती. बाईनें पिशवींतून पाण्याची बाटली काढून दोन थेंब गादीवर टाकले. अंधुकसा का होईना, शिक्का उठला. तिनें तो कागद चार घड्या घालून कनवटीला लावला.

काम निघालें तें एकोणिसाव्या दिवशीं. मधल्या तीन दिवसांच्या भत्त्याविषयीं तिनें विचारलें तेव्हां, कागद वर पाठविला आहे, असें तिला सांगण्यांत आलें. मीं पुढल्या खेपेला चौकशी केली. कागद वरच होता. बाई मात्र तोंवर ऊसतोडीला गेली होती, आणि मुलें आजीपाशीं होतीं.